जिना आडवा चढणारे सुर्वेकाका

आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगमध्ये सुर्वेकाका जिना आडवा चढत. भिंतीला पाठ, खेकड्यासारखं एकेक पाऊल, आणि एक हात मागे लांब केलेला. मागच्याची काय बिशाद पुढे जायची!

"काका, सरळ चढा ना! दूध नासेल माझं," दूधवाला वैतागायचा.

"मेक्सिकोला गेलायस कधी?" काका तिथेच थांबायचे. "जंगलात अख्खं शहर पडलंय. हजार वर्षांचं. देवळाच्या पायऱ्या वीतभर रुंद. आडवं चढलं, तरच मागच्याला हात देता येतो."

"मग तुमच्या मागे कोण होतं?"

"ते सोड. पडकं बघावं तर तिथलं!"

काका बोटीवर स्वयंपाकी होते. बोट तिकडे दुरुस्तीला थांबली, तेव्हा बसने एक दिवस जाऊन आले. एका दिवसावर वीस वर्षं बोलले. खिशात फोटो असायचाच. डोंगराएवढ्या देवळावर मुंगीएवढे काका. "मी कुठला, ओळखा!" फोटोत दुसरं माणूसच नव्हतं.

काकू जिना सरळ चढत. टँकर आला की दोन हातांत दोन कळश्या, चार मजले. काका वरून शिकवायचे, "आडवी चढ गं, आडवी!" कळशी घ्यायला कधी खाली उतरले नाहीत.

काकूंनी जन्मात एकच मागितलं. "वसईचा किल्ला तरी दाखवा."

"त्या पडक्या भिंतींत काय बघायचंय?"

शेवटी मीच त्यांना घेऊन गेले. बुरुजाच्या पायरीवर बसून आम्ही केळी खाल्ली. चार महिन्यांनी काकू गेल्या. टँकरच्याच दिवशी, तिसऱ्या मजल्यावर. कळश्या नीट खाली ठेवून मग बसल्या होत्या. पाणी सांडलं नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं आणि काका माझ्या दारात आले. खिशातला फोटो न काढता म्हणाले, "वहिनी, ती कुठल्या पायरीवर बसली होती?"

मी त्यांना किल्ल्यात नेलं, पायरी दाखवली. ते तिथे बसले नाहीत, नुसता दगडावरून हात फिरवला.

"काय म्हणाली?"

काहीतरी गोड सांगावं असं मनात आलं. पण मला खोटं जमत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावर रागही होता.

"म्हणाल्या, यांच्या फोटोतलं देऊळ याहून उंच असेल का गं?"

काकांनी दगडावरचा हात उचलला. मग भिंतीला पाठ लावून बुरुजाच्या पायऱ्या आडवे चढू लागले, हात मागे लांब करून.

मागे मीच होते. पण तो हात माझ्यासाठी नव्हता. मी दोन पायऱ्या मोकळ्या सोडून चढले.