शंभर टक्के चाल

शिंपीकाकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि त्यांचा डावा पाय त्यांचं ऐकेनासा झाला. उजवा निघायचा, डावा बसून राहायचा, रुसलेल्या जावयासारखा. काकांची मागणी काही मोठी नव्हती. पलंगापासून संडास अकरा पावलांवर होता. तेवढं अंतर बायकोच्या गळ्यात हात न टाकता जायचं, बस्स. चाळीस वर्षं लोकांच्या कमरेची मापं घेतली, आणि आता स्वतःची कमर दिवसातून पाच वेळा बायकोच्या हाती द्यायची, याची त्यांना लाज वाटायची.

रुग्णालयात ‘यांत्रिक गती-पुनर्वसन विभाग’ होता. तिथे काकांना पट्ट्यांनी टांगलं, दोन्ही पायांना यंत्राचे पाय बांधले. पायांखाली सरकता पट्टा. समोर भला मोठा पडदा. यंत्रापाशी बसणाऱ्या मुलीला सगळे यंत्रताई म्हणत. तिने कळ दाबली आणि पाय चालू लागले. काकांना भरून आलं. त्यांनी दातओठ खाऊन डावा पाय आपणहून पुढे रेटला. पडदा लालभडक झाला, भोंगा वाजला.

“काका, काय करताय?”

“चालतोय की.”

“तुम्ही कशाला चालताय? यंत्र चालतंय ना! बघा, ‘रुग्णाकडून अडथळा’ अशी नोंद पडली. एकतीस टक्के.”

“मग मी काय करू?”

“सहकार्य करा. पाय सैल सोडा. सलग तीस दिवस शंभर टक्के पडले की यंत्राशिवाय चालायचा वर्ग मिळतो. आणि एक दिवस जरी गैरहजर राहिलात, तर नाव कटेल.”

काकांनी सहकार्य केलं. साठ टक्के झाले, मग पंच्याऐंशी. कागदोपत्री ते रोज तीन किलोमीटर चालत होते. घरी आले की काकू त्यांना अकरा पावलं ओढत न्यायच्या, कारण आता उजवा पायही सैल सोडायला शिकला होता.

काकू विभागप्रमुखांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, तीन किलोमीटर चालतात म्हणता, मग घरी संडासापर्यंत का जमत नाही?”

“घरी यंत्र आहे?”

“नाही.”

“मग घरच्या चालीची नोंद कुठे आहे? नोंद नसलेली चाल आम्ही कशी धरायची?”

“अहो, मुळात ते चालतच नाहीत!”

“त्याचीही नोंद नाही, बाई.”

एका दुपारी जेवण अंगावर आलं आणि काका टांगल्या टांगल्या झोपले. सत्त्याण्णव टक्के! विभागात टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवर परिपत्रक लागलं: ‘रुग्णांनी शक्यतो झोपून चालावे.’

काकूंनी ते दोनदा वाचलं. “उरलेले तीन टक्के कुठे गेले?”

“घोरण्यात,” यंत्रताई म्हणाली. “अंग हलतं ना.”

घरी आल्यावर काकूंनी दुकानातलं चिंध्यांचं गाठोडं ओढलं. काकांनी खडूने स्वतःच्याच मापाच्या खुणा केल्या, काकूंनी शिलाई मारली, आणि दोघांनी मिळून चिंध्या ठासून एक अख्खा नवरा भरला.

“पोटात जरा कमी भर.”

“आहे तेवढंच भरतेय.”

सदरा, टोपी, तोंडावर मास्क. सकाळी काकूंनी त्याला चाकाच्या खुर्चीतून विभागात नेलं. तिथे पडद्याकडे बघायची पद्धत होती, माणसाकडे बघायची नव्हती. सहा हजार पावलं, अडथळा शून्य, शंभर टक्के! यंत्रताईच्या डोळ्यांत पाणी आलं. “काका, सांगितलेलं ऐकलं की असं होतं!” पुतळा गप्प राहिला. ‘स्वभाव नम्र’ अशी नोंद झाली.

पुतळा तिकडे तासभर चालायचा, तेवढ्यात काकू घरी येऊन संडासाच्या दारात उभ्या राहायच्या.

“या.”

“अगं, धर तरी!”

“नाही धरणार. द्या हवा तेवढा अडथळा.”

पहिल्या दिवशी एक पाऊल आणि कपाळाला टेंगूळ. आठव्या दिवशी तीन. पंधराव्या दिवशी भिंतीला शिव्या. तिसाव्या दिवशी काका अकराही पावलं गेले, आत शिरले, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. काकू तिथेच जमिनीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसत हसत राहिल्या.

पुतळ्याचा तास संपायच्या आत काका काठी टेकत, लंगडत, स्वतःच्या पायांनी विभागात गेले. साहेबांनी चष्मा वर केला.

“ही काय चाल आहे? फार तर बावीस टक्के. कोण तुम्ही?”

“तुमचाच रुग्ण, साहेब.”

“आमचा रुग्ण असा चालत नाही. आमचे काका शंभर टक्के आहेत. ते बघा, आत लटकलेत.”

यंत्राशिवाय चालायच्या वर्गात रीतसर पुतळ्याला प्रवेश मिळाला. पट्टे सोडल्याबरोबर तो मट्कन खाली बसला. नोंद झाली: ‘स्वेच्छेने विश्रांती.’ खऱ्या काकांना पहारेकऱ्याने ‘येण्याजाण्याला अडथळा’ म्हणून बाहेर काढलं. ते निघाले, चालतच.

हसताय? हसा हो. पण मनगटावरचं ते पावलं मोजणारं घड्याळ आधी काढून ठेवा. काल सोफ्यावर बसल्या बसल्या नुसता हात हलवून उरलेली सातशे पावलं कुणी पुरी केली, ते मला चारचौघांत सांगायला लावू नका.