हप्ता भाड्यात निघतो का?

आमच्या गल्लीतले शिवलिंगआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी नळ सोडून बघतात. सत्यनारायणाला बोलावलं तरी. पाणी आलं तर विचारतात, "आठवड्यातनं कितींदा येतं?" आणि नाही आलं तर, "विकायचंय का?"

धाराशिवात त्यांचं कापडाचं दुकान होतं. ते विकल्यावर आलेला पैसा एका जागी बसेना आणि आप्पाही बसेनात. भाड्यानं द्यायला एक घर घ्यायचं वेड डोक्यात शिरलं. मी बँकेतला निवृत्त कर्ज-कारकून, म्हणजे आयताच सापडलो. रोज सकाळी माझी दाढी अर्धी झालेली असताना आप्पा दारात.

"साहेब, बँक समदं पैसं देती का?"

"नाही. वरचे वीस-पंचवीस टक्के आपल्या खिशातले. शिवाय तुमच्या वयाला मुदत कमी, म्हणजे हप्ता मोठा."

"आन् हप्ता भाड्यात निघतो का?"

"सहसा नाही निघत. मधे घर रिकामंही पडतं."

"मग लोक घेत्यात कशाला?"

मी उरलेली दाढी करायला घेतली.

तरीही आप्पांनी स्टेशनच्या वाटेवर दोन खोल्या घेतल्याच. इसार, कर्ज, खरेदीखत, सगळं रीतसर. हप्ता सुरू झाला आणि भाडेकरू मिळेना. मिळेना कसला, आप्पाच परतवून लावत होते. तीन महिन्यांत चार. साठवलेलं हप्त्यात चाललं होतं. मला राग आला. पाचव्या वेळी मी सोबत गेलो.

ईट गावाहून बदलून आलेली नर्स होती. घर आवडलं, भाडं पटलं. ती म्हणाली, "पैसे मोबाईलवर टाकत जाईन."

"न्हाय," आप्पा म्हणाले. "एक तारखेला घरी आणून द्यायचं. पायजे तर दोनशे कमी द्या."

"आप्पा, हा काय हट्ट?" मी म्हणालो.

आप्पा खिडकीची कडी काढत-लावत राहिले. "दुकानात दिवसभर माणसं यायची. आता दारात कुणीच येत न्हाय, साहेब. भाडेकरू तर यील. च्या घील, मग जाईल."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस रोज सकाळी ते माझ्या दारात आले. मी त्यांच्याकडं एकदाही गेलो नव्हतो.

नर्सनं हातातला मोबाईल पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "अर्धं एक तारखेला आणि अर्धं पंधराला आणून दिलं तर चालंल का?"

"चालंल," आप्पा म्हणाले. "चालंल की, बाई."