न झालेल्या सभेतलं एक वाक्य

मंडळाचं परीक्षण म्हणजे चिटणीसबाईंच्या डाव्या हाताचा मळ. निदान त्या बुधवारी दुपारपर्यंत तरी त्यांचं ठाम मत तेच होतं.

सरकारी खात्याचं पत्र मोठ्या ताईच्या हातात होतं. मोठी ताई म्हणजे पाळणाघर प्रत्यक्षात चालवणारी बाई. एकतीस मुलं एकाच वेळी रडायला लागली तरी जिच्या कपाळावर आठी पडत नाही, ती एका टंकलिखित कागदाने पांढरी पडली होती. परवान्याचं नूतनीकरण करण्याआधी यंदा संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा कारभार तपासला जाईल, परीक्षक मागची सगळी इतिवृत्तं वाचतील आणि एका सभेला स्वतः हजर राहतील, असं त्यात लिहिलं होतं.

"परवाना गेला तर ही पोरं कुठे ठेवायची त्यांच्या आयांनी?" मोठी ताई म्हणाली. "ती दवाखान्यातली परिचारिका तर सहाला कामावर जाते. तिला घरी कुणीच नाही."

"अगं, काही होत नाही," चिटणीसबाई म्हणाल्या. "आपल्यासारखी इतिवृत्तं खात्याने जन्मात पाहिली नसतील."

हे अगदी खरं होतं. त्यातल्यासारख्या सभा कुठेच झाल्या नव्हत्या. त्यांच्या पाळणाघरातही नाही.

त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वीच्या एका महिन्यात, पहिल्या शनिवारी तीन वाजता, चिटणीसबाईंनी नेहमीप्रमाणे रांगत्या मुलांची खोली उघडली, मुलांच्याच बुटक्या खुर्च्या गोलात मांडल्या आणि बशीत बिस्किटं काढली. पाच वाजेपर्यंत कुणी आलं नाही. बशीला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी दोन बिस्किटं खाल्ली आणि घरी येऊन वहीत लिहिलं, "अध्यक्षांनी सर्व सभासदांचे स्वागत केले." लिहिताना बरं वाटलं. मुलांची ने-आण करणाऱ्या गाडीवाल्याबरोबर त्यांनी वही घरोघरी पाठवली, सोबत चिठ्ठी, "आपली सही राहून गेली आहे, कृपया करावी." संध्याकाळी सगळ्यांच्या सह्या आल्या. कुणी काही विचारलं नाही. समजूतदार माणसं, चिटणीसबाईंना वाटलं, न सांगता समजली. मग दर महिन्याला असंच. मंडळात पाचजण होते. त्यातले एक गेल्या वर्षी वारले. सही करायचं थांबवलेले तेवढे एकटेच.

पहिलं वर्षभर सगळं गुळगुळीत चाललं. मग खात्याच्या एका साहेबाने वही चाळता चाळता विचारलं, "सगळेच ठराव एकमताने? तुमच्या मंडळात कुणाला तोंड नाही का?"

हे बाईंना लागलं. त्या दिवसापासून त्यांनी सभासदांना तोंडं दिली. अध्यक्ष म्हणजे हेडसर, शाळेतून निवृत्त झालेले. ते घसा खाकरून मुद्द्यावर आणायला लागले. वकीलसाहेब कलमं सांगायला लागले. औषधवाले, ज्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे, ते स्वच्छतेवर बोलायला लागले. रविवारची दुपार कशी जायची ते कळायचं नाही. घरात चिटणीसबाई आणि त्यांची थोरली नणंद, दोघी विधवा, आणि दोघींच्या मध्ये एक घड्याळ. वहीत मात्र चांगली गर्दी असायची.

"वहिनी," नणंद विचारायची, "कोण जिंकलं आज?"

"वन्सं, सभा आहे ती. तिथे जिंकत नाहीत."

पण एकदा कुणीतरी जिंकायला हवं होतं. रांगत्या मुलांच्या खोलीत गालिचा घालावा की चटई, असा विषय होता. औषधवाल्यांना त्यांनी चटईच्या बाजूला बसवलं, वकीलसाहेबांना गालिच्याच्या. वाद काही केल्या तापेना. मग पेन आपोआप धावलं आणि वकीलसाहेब म्हणाले, "ज्याच्या घरात रांगतं पाऊल पडलं नाही, त्याने रांगत्या मुलांच्या खोलीबद्दल न बोललेलं बरं."

बाईंनी वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. वजनदार झालं होतं. मतदान घेतलं, चटई जिंकली. खोलीत आजतागायत दोन्ही नाही.

आता नियम असा, की चार डोकी असल्याशिवाय सभा होत नाही, आणि मंडळात उरली होती चारच. त्यामुळे सगळ्यांना प्रत्यक्ष बोलवायला बाई स्वतः निघाल्या.

हेडसर फाटकाशीच भेटले. सूनबाई ऐकत नाहीत ना, हे मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चिटणीसबाई, एक कबूल करायचंय. मधल्या काही सभांना मला येता आलं नाही. गुडघे. सह्या केल्या, चुकलंच. पण ते दोघे येतात ना नियमित? त्यांना सांगू नका. अध्यक्षच दांड्या मारतो म्हटल्यावर काय इज्जत राहील?"

"किती सभांना आला नाहीत, सर?"

हेडसरांनी बोटं मोजली, मग सोडून दिली. "छत्तीस."

बाई थोडा वेळ फाटकाला धरून उभ्या राहिल्या. म्हणजे समजूतदारपणाचा काही संबंधच नव्हता. हेडसरांना वाटत होतं, सभा होतात आणि आपण एकटेच जात नाही.

वकीलसाहेबांनी तीच कुजबुज आपल्या रिकाम्या कचेरीत केली. "हेडसरांना कळलं तर या वयात मला बाकावर उभं करतील." मग टेबलावरची काच पुसल्यासारखं करत विचारलं, "औषधवाला येणार आहे का? दोन वर्षं बोलत नाही माझ्याशी. अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी पुलापर्यंत फिरायला जायचो आम्ही. कारण विचारलं तर म्हणतो, तुझं तुला माहीत."

चिटणीसबाईंना ते वाक्य आठवलं. "तुम्ही वही वाचत नाही का, सही करताना?"

"वकील वाचून सही करत नसतो, बाई. तो दुसऱ्याला वाचायला लावतो."

औषधवाला मात्र वाचतो. लेबल वाचल्याशिवाय खोकल्याची गोळीसुद्धा पुढे सरकवायची त्याला सवय नसते. दुकानात औषधवाले काउंटरवर होते आणि मागे त्यांची बायको गोळ्यांची पाकिटं मोजून खोक्यात लावत होती.

"येईन मी," ते म्हणाले. "पण त्याच्या शेजारी बसणार नाही."

"असं काय झालं?"

त्यांनी वाक्य म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही, स्वल्पविराम होता तिथे श्वास घेतला. "मी नव्हतो त्या दिवशी. खरं सांगायचं तर मी कधीच... ते असो. माझ्या पाठीमागे बोलला. तुम्ही होतात, हेडसर होते. कुणी त्याला गप्प म्हणालं नाही."

मागे पाकिटं मोजायचा आवाज थांबला होता.

बाईंनी तोंड उघडलं. आता सांगितलं तर सगळं सांगावं लागणार. सगळं सांगितलं तर सभा अकरा दिवसांवर, आणि परवाना सभेवर. त्यांनी डोकेदुखीची गोळी मागितली आणि घरी आल्या.

"जेवत का नाहीस?" नणंदेने विचारलं.

"वन्सं, मी एक वाक्य लिहिलं."

"मग खोड की."

"त्याला दोन वर्षं झाली."

नणंदेने त्यांच्या पानावर झाकण ठेवलं आणि आणखी काही विचारलं नाही. ही बाई गप्प बसली की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

सभेच्या दिवशी तीन वाजता चौघेही आले. शेजारच्या खोलीत मुलं झोपलेली, मध्ये नुसता पडदा. मोठ्या ताईने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना आत घेतलं. एका मुलाला जाग आली की एकतीस जागी होतात, हा तिथला कायदा, आणि तो खात्यालाही लागू होता. तेव्हा सभा कुजबुजत सुरू झाली. तिघे म्हातारे बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे कानाशी. औषधवाले भिंतीकडे तोंड करून बसले होते.

परीक्षक एक तरुण मुलगी होती, अतिशय सभ्य. "मॅडम," ती चिटणीसबाईंच्या कानात म्हणाली, "एकवीस संस्थांची इतिवृत्तं वाचली मी. झोप येते. तुमची वही मी घरी आईला वाचून दाखवली. आज प्रत्यक्ष बघायला मिळणार."

हेडसरांनी सर्वांचं स्वागत केलं. मग म्हणाले, "विषय पहिला." मग वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी छताकडे पाहिलं. दर महिन्याला सभा घेणाऱ्या माणसांकडे असतं तसलं काही या तिघांकडे नव्हतं. पलीकडे कुणीतरी झोपेत अंगठा चोखत होतं, तेवढाच आवाज.

मुलीला दया आली. "त्या गालिच्याचं पुढे काय झालं?" तिने वही उघडली. "चर्चा फार तीव्र झालेली दिसते." आणि तिने ते वाक्य वाचलं. हळू आवाजात, नीट.

वकीलसाहेब ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. "हे मी..." एवढं म्हणून ते थांबले. मी बोललो नाही म्हणायचं तर मी आलो नव्हतो म्हणावं लागणार, आणि खाली सही त्यांची. न लावलेल्या हजेरीवर सही करणं म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी मित्राच्या पाठीकडे पाहिलं.

"बोलायला नको होतं मी," ते कुजबुजले. "चुकलं माझं."

"दोन वर्षांनी?" औषधवाले भिंतीला म्हणाले.

"मला ठाऊक नव्हतं रे."

"काय ठाऊक नव्हतं? आमच्या घरी मूल नाही हे? की तू ते बोललास हे?"

न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन वकीलसाहेबांनी शिक्षा मागितली होती आणि ती जागच्या जागी मिळत होती. चिटणीसबाईंना मात्र ते बघवेना.

"ते वाक्य माझं आहे," त्या म्हणाल्या. "यांनी नाही म्हटलं. मी लिहिलं. ती सभा झालीच नाही. छत्तीसमधली एकही झाली नाही. मी घरी बसून लिहिल्या."

पडद्याशी उभ्या मोठ्या ताईने डोळे मिटून घेतले.

परीक्षक मुलीचं पेन थांबलं. "अध्यक्ष?"

हेडसरांनी घसा खाकरला, मुलं झोपलीत हे आठवून अर्ध्यात गिळला. "सभा झाली होती. अध्यक्षस्थानी मी होतो."

"वकीलसाहेब?"

"मी हजर होतो," वकीलसाहेब फरशीकडे बघत म्हणाले. "आणि बोललो तेही मीच."

औषधवाले पहिल्यांदा वळले. पडद्याखालून दिसणाऱ्या चिमुकल्या चपलांच्या रांगेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "हो," ते म्हणाले. "माझ्या तोंडावर बोलला."

प्रत्येकाला आपण नव्हतो हे पक्कं ठाऊक होतं. पण बाकीचे दोघे छातीवर हात ठेवून सांगताहेत म्हटल्यावर सभा झाली असणारच. वकीलसाहेबांना मात्र खरं कळलं असावं, कारण आपण असं बोललो नाही हे त्यांना पुरतं माहीत होतं. खोटं किती सहीसाठी आणि किती एकतीस मुलांसाठी, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मुलीने चिटणीसबाईंकडे फार प्रेमाने पाहिलं. "मॅडम, किती वर्षं हे काम करताय?"

"सतरा."

"थकवा येतो," ती म्हणाली आणि तिने काहीतरी लिहिलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. परवाना तीन वर्षांसाठी. मंडळ जागरूक, चर्चा निर्भीड. एकच सूचना: विद्यमान चिटणीसांची स्मरणशक्ती पाहता जबाबदारी दुसऱ्या सभासदाकडे द्यावी. मोठी ताई रडली आणि बाईंना मिठी मारली. बाईंना चिटणीसपदावरून मोकळं करण्याचा ठराव मंडळाने एकमताने मंजूर केला. तो लिहूनही बाईंनीच दिला, कारण ठराव कसा लिहितात ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून, त्या औषधवाल्यांकडे गेल्या. पहिल्यापासून सगळं सांगितलं. खुर्च्या, बिस्किटं, रविवारची दुपार, धावलेलं पेन. औषधवाल्यांची बायको खोकं बाजूला ठेवून ऐकत होती. बाईंनी तिच्याकडे बघूनच शेवटचं वाक्य संपवलं. "मी माणूस म्हणून विचारच केला नाही हो. वाक्य म्हणून केला."

औषधवाले दोन्ही हात काउंटरवर टेकून उभे राहिले.

"बाई, हेडसर म्हणाले, सभेला मी होतो. तो स्वतः म्हणाला, मी बोललो. नाही म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच."

"कारण तिथे मी एकटीच होते."

"समजा, तुमचं खरं," ते शेवटी म्हणाले. "मग दोन वर्षं मी कुणावर रागावलो होतो? तो रोज माझ्या दुकानावरून एकटा पुलाकडे जायचा आणि मी आत जाऊन बसायचो. ते कशासाठी?"

औषधवाले मागे वळले, वरच्या फळीवरून एक बाटली काढली, सवयीने लेबल वाचलं आणि कागदी पिशवीत घातली.

"सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. आठवणीला चांगलं असतं."

"रिकाम्या पोटी नको," बायको म्हणाली.

चिटणीसबाईंनी बाटली घेतली. नाही कशी म्हणणार? आता महिना झाला, त्या नेमाने घेताहेत, नणंद समोर बसून चमचे मोजते. पण गुण काही येत नाही. सगळं अजून जसंच्या तसं आठवतं.