चार बाया, शून्य पूर्णांक चार

अप्पारावांच्या पाहणीत वशिल्याला जागा नव्हती. हे ते पालमच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगत. "सूत्र आहे सूत्र! गावात ज्या गटाची जितकी घरं, तितकाच त्याचा वाटा. ब्रह्मदेव आला तरी बदल नाही!"

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात विहिरींच्या पाहणीसाठी ते वाडीवर उतरले. घरं चारशे, विचारायची चाळीस. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी गट पाडले. मोठे शेतकरी साठ, त्यांतले सहा. लहान दोनशे वीस, त्यांतले बावीस. भूमिहीन एकशे सोळा, म्हणजे अकरा पूर्णांक सहा, धरले बारा. एकट्या बाईच्या नावावर जमीन, अशी घरं चार. आलं शून्य पूर्णांक चार, धरलं शून्य. बेरीज बरोबर चाळीस!

"माझं नाव हाय का त्यात?" त्या चौघींतल्या बायनाबाईनं विचारलं. तिच्या विहिरीचा काठ दर पावसाळ्यात ढासळे. गेल्या साली शेजारची नर्मदाबाई घागरीसकट आत गेली आणि पाय मोडून वर आली. काठ दगडानं बांधून मिळावा, एवढंच बायनाबाईला सरकारच्या कानावर घालायचं होतं.

"मावशी, तुम्ही चौघी मिळून शून्य पूर्णांक चार होता. अर्ध्याहून कमी आलं की सोडून द्यायचं."

"चार बाया मिळून अर्धी बी न्हाई? अन् वाड्यावरले दिनकरराव?"

"तेही एकटे दहावा हिस्साच. पण मोठे शेतकरी साठ आहेत, म्हणून त्यांचे सहा पुरे भरले."

"म्हंजी लय असले की माणूस पुरा होतो," बायनाबाई म्हणाली. "इचारा मग पुऱ्यांना."

अप्पारावांनी विचारलं. उन्हाळ्यात पाणी कुठून आणता? बायनाबाईच्या हिरीवरून. दुसऱ्याचंही तेच, तिसऱ्याचंही तेच. चाळीसच्या चाळीस! बाकीच्या विहिरी होळीलाच आटल्या होत्या. सकाळपासून आपण पितोय तेही तिचंच पाणी, हे कळल्यावर अप्पारावांना मनापासून लाज वाटली. त्यांनी एक्केचाळिसावा फॉर्म काढला. अर्थात वशिला नाही! चौघींच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि निघाली दगडाबाई.

"माझी हीर तीन साल झालं कोरडी हाय," दगडाबाई म्हणाली. "मी काय सांगू? माझ्या जागी बायनाचंच लिवा."

अप्पाराव विरघळले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी नियम वाकवला. नाव दगडाबाईचं, बोल बायनाबाईचे: पाणी बारमाही, सारं गाव पितं, काठ धोक्याचा, बांधकाम तातडीचं. कचेरीतल्या साहेबांनीही वाचून मान डोलावली.

दिवाळीनंतर मंजुरी आली. दगड आला, गवंडी आले. अप्पाराव मुद्दाम रजा काढून बघायला गेले. काय ते काम! घडीव दगडाचा काठ, धुण्याला फरशी, चार बाजूंनी चार रहाट. आत वाकून बघितलं, तर तळाशी एक शेळी पाला खात होती.

विहीर दगडाबाईची होती. फॉर्मवर तिचंच नाव होतं.

ते तसेच बायनाबाईच्या शेतात गेले. ती पाणी शेंदत होती. ते काठाकडे निघाले.

"तितंच थांबा, सायेब," ती म्हणाली. "काठ खचायलाय. मीच आणते तुमाला पाणी."