मामांना विचारून सांगते

आमच्या पदव्युत्तर वर्गातली सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थिनी कोणताही निर्णय स्वतः घेत नसे. प्रकल्पाचा विषय कोणता निवडायचा, शनिवारच्या जादा तासाला यायचे की नाही, एवढेच काय, कँटीनमध्ये इडली घ्यायची की चित्रान्न, या प्रत्येक प्रश्नावर अंबुजाक्कांचे उत्तर ठरलेले असे : "स्वल्प थांब, मामांना विचारून सांगते."

अक्का पंचावन्नच्या पुढच्या. बेंगळुरूच्या बसवनगुडी भागातल्या एका शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स व प्रिसिजन मेडिसिनच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. रुग्णांच्या माहितीचे ढीग उपसायचे आणि माणसाच्या जनुकांवरून त्याचा आजार व त्याचे औषध ठरवायचे, असे हे शास्त्र आहे. मी नाशिकहून इथे आले ती याच विषयात पुढे संशोधन करण्याचा पक्का आराखडा घेऊन. त्या आराखड्यात अक्का नव्हत्या. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच आहोत, एवढ्या एका पुराव्यावर सरांनी आमची जोडी लावून दिली.

तो पुरावाही तसा कच्चाच होता. अक्कांच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडल्याला काही शतके लोटली आहेत. त्यांच्या मराठीत कानडी कुठे सुरू होते, हे त्यांनाही सांगता येत नाही. माझ्या बोलण्यावर त्यांचा शेरा असा : "तुझं मराठी छापल्यासारखं आहे गो. आमचं घरात वापरून मऊ झालेलं."

शिक्षिकेचा स्वभाव मात्र कोणत्याही भाषेत लपत नाही. माहितीचा तक्ता उघडला की अक्का आधी त्याची हजेरी घेत. एखादा रकाना रिकामा दिसला की त्यांचे बोट तिथे थांबे.

"हा गैरहजर का?"

"अक्का, नोंद नाहीये. आपण सरासरी भरून टाकू."

"गैरहजर मुलाच्या बाकावर सरासरी मूल बसवतात का? सांग बघू."

यावर माझ्याकडे चार प्रमाणित पद्धती तयार असत. त्या मी समजावून देई. अक्का शांतपणे ऐकून घेत, कानडीत "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणत आणि मामांना विचारून सांगत. संगणकाला त्या 'अहो' म्हणत. प्रोग्राम अडकला की "चला की हो, पोरी खोळंबल्यात" अशी त्याची विनवणी चाले. आणि तो खरोखरच चालू लागे, याचे शास्त्रीय स्पष्टीकरण मला आजही देता आलेले नाही.

माझा खरा गोंधळ होता तो मामांविषयी. साठीकडे झुकलेल्या बाईचे मामा म्हणजे ऐंशीच्या घरातले, कंप पावणारे, खाटेवरून सल्ला देणारे गृहस्थ असणार, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एक ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ रोज सकाळी बेंगळुरूच्या त्या भयंकर वाहतुकीतून स्कूटर चालवत अक्कांना कॉलेजच्या फाटकाशी आणून सोडत. डबा हातात देत. "अंबू, पाणी पीत राहा," असे बजावून भुर्रकन निघून जात. आकडे जुळेनात. मी सरळ विचारले.

"अक्का, मामा म्हणजे नक्की कोण?"

"मामा म्हणजे मामा. आईचा भाऊ. तुमच्या नाशकात काय म्हणतात?"

"मामाच म्हणतात. आणि तुमचे यजमान?"

"आहेत की. घरी."

म्हणजे दोन माणसे. ही नोंद मी मनात पक्की केली. पुढे एके दिवशी अक्का उदास चेहऱ्याने आल्या. "मामा रुसलेत. काल लग्नाचा वाढदिवस, मी विसरले."

"कोणाच्या लग्नाचा?"

"आमच्या."

मला मामांविषयी आदर वाटला. भाचीच्या लग्नाचा वाढदिवस लक्षात ठेवून वर रुसणारा मामा आमच्याकडे कुठे मिळतो! यजमान रुसले का, हे विचारायचे राहूनच गेले.

या साऱ्याचा स्फोट वंशावळीच्या तासाला झाला. प्रत्येकाने आपल्या कुटुंबाचा तक्ता काढून संगणकात भरायचा होता. पुरुष म्हणजे चौकोन, स्त्री म्हणजे वर्तुळ. अक्कांच्या तक्त्यात आईच्या भावाच्या चौकोनातून निघालेली जोडरेष थेट अक्कांच्याच वर्तुळाला येऊन भिडली होती. संगणकाने लाल खूण दाखवली. ही भरण्यातली चूक आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. अक्का पाणी प्यायला गेल्या तेवढ्यात मी तक्ता स्वच्छ केला : मामांना त्यांच्या जागी एकटे बसवले आणि अक्कांच्या शेजारी 'पती, नाव अज्ञात' असा नवा चौकोन काढून दिला.

अक्का परतल्या, चष्मा वर सरकवला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगो, मला हा दुसरा नवरा कुठनं आणलीस?"

मग उलगडा झाला. त्यांच्या घराण्यात आईच्या धाकट्या भावाला मुलगी देण्याची चाल होती. मामाचा हक्कच तो. "जन्मापासून मामा म्हटलं," अक्का म्हणाल्या, "लग्न झालं म्हणून तोंड कसं वळणार?"

"आमच्याकडे मामा नवरीला बोहल्यापर्यंत आणून सोडतो हो अक्का. स्वतः बोहल्यावर चढत नाही!"

"आमच्या मामांनी पण आणून सोडलं," अक्का हसत म्हणाल्या. "तिथंच राहिले, एवढंच."

मी तक्ता पूर्ववत करू लागले. तेव्हा दिसले की त्या जोडरेषेखाली एक लहानसा चौकोन होता आणि त्यावर तिरकी रेघ. आमच्या शास्त्रात तिरकी रेघ म्हणजे ती व्यक्ती हयात नाही.

"मुलगा," अक्का म्हणाल्या. या वेळी आवाज फक्त माझ्यापुरता होता. "पाळण्यातच गेला. दूध पचेना, अंग धरेना. तेव्हाचा डॉक्टर म्हणाला, नात्यात लग्न केलंत, मग असंच होणार. आणि हे म्हणताना बघितलं मामांकडे. तेव्हापासून मामा ते धरून बसलेत. म्हणतात, मी मागणी घातली, मी मोठा होतो, मला कळायला हवं होतं."

दोघांनी एका रुग्णालयाच्या आनुवंशिकता विभागात रक्त दिले होते. अहवाल यायचा होता. अक्का एवढ्या वयात आकडेशास्त्राशी का झुंजत आहेत, ते मला समजले असे तेव्हा वाटले : निर्दोष सुटण्यासाठी. लग्नामुळे काही झाले नाही, हे त्यांना ऐकायचे होते. त्यांच्यासाठी मीही तेच इच्छीत राहिले.

अहवाल आला तो आमच्या शास्त्राच्या अगदी स्वभावाला धरून. एका जनुकात एक बदल सापडला होता, आणि त्याचे महत्त्व 'अनिश्चित' होते. तिथल्या समुपदेशक बाईंनी कानडीतून आणि इंग्रजीतून सारे समजावले. मामांनी फक्त मान हलवली.

"मामा कानडीत मान हलवतात आणि इंग्रजीत सही करतात," अक्का मला म्हणाल्या. "प्रश्न फक्त मराठीत विचारतात. तू घरी ये."

रविवारी सकाळी मी बसवनगुडीला गेले. मामा इस्त्रीचा सदरा घालून, परीक्षेला बसल्यासारखे, खुर्चीत बसले होते. मी काळजीपूर्वक वाक्ये जुळवून आणली होती. बदलाचे महत्त्व अनिश्चित आहे, असे मी सांगितले.

"अनिश्चित म्हणजे होय की नाही?"

"म्हणजे माहीत नाही."

"एवढं रक्त काढून घेतलं आणि माहीत नाही?"

"आजार त्यामुळेच झाला असं म्हणता येत नाही, मामा. झाला नाही, असंही म्हणता येत नाही."

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्याचा मला प्रथमच संकोच वाटला.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "ते राहू दे. तो बदल माझ्यात पण आहे का, तेवढं मामांना मराठीत सांग."

"आहे. दोघांतही आहे, एकेक प्रत. असा आजार व्हायचा तर मुलाला दोन्हीकडून ती यावी लागते. एकट्याकडून येऊन भागत नाही."

अक्कांचा चेहरा उजळला. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यावर मुलीचा उजळावा तसा. मी पुरती गोंधळले. मी काही आनंदाची बातमी दिली नव्हती.

"ऐकलंत?" त्या मामांना म्हणाल्या. "इतकी वर्षं सांगतेय. मटाराच्या वेलाचं सांगितलं, दोन्हीकडनं निम्मं निम्मं येतं ते फळ्यावर काढून दाखवलं. तुम्ही म्हणायचा, ती तुझी शाळा. आता रक्तातच निघालं. अनिश्चित असू दे, काही असू दे. जे काय असेल त्यातलं निम्मं माझं आहे. एकट्यानं धरून बसू नका. माझं मला द्या."

म्हणजे त्यांना सुटायचे नव्हतेच. त्यांना वाटा हवा होता. आपल्यातही तोच बदल असावा म्हणून ही बाई शाळा सोडून पुन्हा विद्यार्थिनी झाली होती.

मामांनी हातातला कॉफीचा रिकामा पेला एकदा फिरवला.

"मटाराचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, अंबू," ते म्हणाले. "तुला द्यायचं नव्हतं, म्हणून कळलं नाही म्हणालो."

अक्का मामांच्या खुर्चीजवळ गेल्या आणि त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. आत मात्र नेला नाही. तो हातात धरून तिथेच, खुर्चीच्या पायाशी, जमिनीवर बसल्या. थांबावे की निघावे ते मला कळेना. दार अलगद ओढून मी बाहेर पडले.