ट्रॅक्टरवरचा टेलिफोन

नरूभाऊ राऊत ट्रॅक्टरखाली उताणे पडले होते आणि बाहेर यायची त्यांना अजिबात इच्छा नव्हती. कारण बाहेर लीलाताई उभ्या होत्या.

"अहो, आहात ना जिवंत?"

"आहे."

"मग ऐका. अक्षय्यतृतीयेपर्यंत हे धूड शेडमधून हललं नाही, तर भंगारवाला येऊन हलवेल. मी त्याला सांगून आलेय."

"बाबांचा ट्रॅक्टर आहे तो."

"शेडही बाबांचीच आहे. दिवसभर केळी सोलून सुकेळी करायला उन्हात घालायची, संध्याकाळी उचलून स्वयंपाकघरात आणायची आणि मग मुंग्यांशी भांडत बसायचं. मला आता नाही होत बाई."

बोलणं खरं होतं. नरूभाऊंनाही होत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती आराम करायला, आणि तेव्हापासून ते बहुतेक वेळ या ट्रॅक्टरखाली होते. आराम म्हणावा तर पडूनच होते, पण पाठ म्हणून त्यांची राहिली नव्हती.

हा ट्रॅक्टर त्यांच्या बाबांनी अठ्ठावन्न साली मुंबई बंदरातल्या लिलावातून आणला. कुठल्याशा बर्फाळ देशातला. त्यामुळे त्याला चारी बाजूंनी काचेची केबिन, दोन दारं आणि चालवणाऱ्याला थंडी वाजू नये म्हणून आत हीटर. वसईत! थोरल्या तिन्ही भावंडांना बाबांनी केबिनीत बसवून समुद्रापर्यंत फिरवून आणलं. नऊ वर्षांच्या नरूला म्हणाले, "उद्या तुझी पाळी." दुसऱ्या दिवशी नरू आंघोळ करून, भांग पाडून शेडमध्ये गेला, तर ट्रॅक्टर बोडका. केबिन बाबांनी पहाटेच शेजारच्या लोपीसांना कोंबड्या ठेवायला देऊन टाकली होती. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्या काळात वडिलांना विचारायची पद्धत नव्हती. पुढे नरूचे नरूभाऊ झाले, डोक्यावरचे केस गेले, पण ती पाळी काही मनातून गेली नाही. त्या केबिनीत बसून एकदा, एकदाच, समुद्रापर्यंत जायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

वालीवच्या गॅरेजवाल्या परेशने ट्रॅक्टर चालू करायचं काम घेतलं आणि मग तोही थकला.

"काका, एक सांगा. तुम्हाला ओरिजिनल पायजे की चालणारा पायजे?"

"दोन्ही."

"मग एप्रिलचं सांगू नका."

तरी परेश जिद्दीचा. सातिवलीच्या गोदामांत हिंडून त्याने पंप शोधला, वालीवला पिस्टन घडवून घेतले आणि एके दुपारी इंजिन खोकलं, थुंकलं आणि चक्क चालू झालं. आता राहिली केबिन.

केबिन कुठे होती, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कोंबड्या संपल्यावर बर्नार्ड लोपीसने तिच्यात एसटीडी-पीसीओ थाटला होता. काचेची, दारांची, आयतीच. दहा वर्षं गावाने तिथून जन्म, मरण, परीक्षांचे निकाल आणि सोयरिकी कळवल्या. मग बर्नार्ड गेला, मुलगा आलोशियस जहाजावर लागला, मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं आणि बूथवर कुत्रंही फिरकेना. आता तिथे बर्नार्डची बायको क्लेमेंटीनबाय दिवसभर एकटी बसून असे.

पण मागायची कशी? आमच्या वाड्यांमध्ये एकदा दिलेली वस्तू परत मागत नाहीत. कुंपणावरून भांडतील, फणसाच्या फांदीवरून बोलणं टाकतील, पण दिलेली वाटीसुद्धा मागणार नाहीत. आपण काहीतरी द्यायचं, पुन्हा द्यायचं आणि समोरच्याने आपणहून ओळखायचं, ही रीत. नरूभाऊंनी आठवडाभर केळीचे घड पाठवले. क्लेमेंटीनबायने आठवडाभर अंडी पाठवली. कुणी काही ओळखेना.

शेवटी ते बायकोला म्हणाले, "तू जा. सुकेळी घेऊन जा आणि आडून विचार."

लीलाताई चार वाजता गेल्या त्या दिवेलागणीला परतल्या.

"देते म्हणाली केबिन."

"एवढा वेळ लागला?"

"बायकांना बोलायला लागतो वेळ. पण एक अट आहे. फोन केबिनीतच राहील. मागे एकदा काढला होता, तर परत जोडून मिळायला चार महिने गेले."

"म्हणजे ट्रॅक्टरवर फोन?"

"आलोशियस रविवारी अकराला फोन करतो. जहाजावर तिला उलटा फोन करता येत नाही. एकदा त्याचा फोन आला की ती त्याला आपला, राऊतांच्या घरचा नंबर देईल. मग खुशाल वायर कापा आणि जा कुठे जायचं ते."

ऐकायला सगळं बरोबर होतं. पटणाऱ्या गोष्टींचीच भीती बाळगावी, हे नरूभाऊंना बँकेत तीस वर्षं काढून कळायला हवं होतं.

केबिन ट्रॅक्टरकडे नेता येत नव्हती, म्हणून कुंपणाचे चार खांब काढून ट्रॅक्टर केबिनीकडे नेला. दहा जणांनी केबिन उचलली. आत फोन, फोनखाली स्टूल आणि स्टुलावर "हात लावू नका" म्हणत क्लेमेंटीनबाय.

"बाय, तुम्ही तरी उतरा!"

"आणि फोन पडला म्हणजे?"

तिला उतरवून केबिन ट्रॅक्टरवर बसवली. परेशने बोल्ट आवळले, इंजिनाचं गरम पाणी फिरवणारी नळी जोडली आणि छाती फुगवून सांगितलं, "काका, हीटर पण चालू केलाय. ओरिजिनल!"

"बंद कुठून होतो?"

परेशने वरखाली पाहिलं. "तो नॉब नाय मिळाला."

खांबावरून आलेली वायर सहा हात सैल होती. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी नरूभाऊंचा ट्रॅक्टर केबिनीसकट उभा राहिला आणि तो सहा हात पुढे आणि सहा हात मागे जाऊ शकत होता. भंगारवाल्याला लीलाताईंनी "नको" म्हणून निरोप धाडला. रिकाम्या शेडमध्ये दुसऱ्या दिवशी चटया पडल्या.

पहिल्या रविवारी फोन आला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. क्लेमेंटीनबाय चर्चमधून येई, पावणेअकराला नरूभाऊंना केबिनीत बसवी आणि म्हणे, "नरू, जरा लक्ष ठेव हां. मी लीलाकडे सुकेळी बांधायला जाते. फोन आला तर हाक मार."

नरूभाऊ बसत. बारा वाजता उतरत.

मधल्या सहा दिवसांत मात्र त्यांना बसायला जागा मिळेना. ट्रॅक्टरवरून फोन करता येतो ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. खिशात मोबाईल असलेली माणसंसुद्धा पायरीवर चढून, चालकाच्या गादीवर बसून, एका हाताने स्टिअरिंग फिरवत ओरडायला लागली, "ओळख बरं, कुठून बोलतोय!" नायगावच्या नव्या इमारतींतली कुटुंबं पोरांना घेऊन येऊ लागली. क्लेमेंटीनबायने अंगणात दोन बाकं टाकली, कोकम सरबत ठेवलं आणि नाताळच्या उरलेल्या पताका लावल्या. एकदा नरूभाऊ नुसते इंजिन तपासायला चढले, तर खालून एक बाई म्हणाली, "अहो काका, रांग आहे ना!"

"माझा ट्रॅक्टर आहे," नरूभाऊ म्हणाले.

"असेल. पण नंबर आमचा आहे."

नरूभाऊ उतरले. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. घरी आले की लीलाताई विचारीत, "आला का हो फोन?" आणि ते म्हणत, "नाही." त्या म्हणत, "येईल हो, धीर धरा," आणि पुन्हा शेडमध्ये जात.

पाचव्या रविवारी मात्र नरूभाऊंचा धीर संपला. पक्कड खिशात घालूनच ते केबिनीत बसले. आज फोन येवो न येवो, बारा वाजता वायर कापायची. क्लेमेंटीनबाय नेहमीप्रमाणे लीलाताईंकडे गेली. अंगणात कुणी नव्हतं. नरूभाऊंनी दारं लावली आणि इंजिन चालू केलं.

काय सुख वाटलं म्हणून सांगू! काचेतून वाडी दिसत होती, बावखलाचं पाणी दिसत होतं, पलीकडे समुद्राकडे जाणारा रस्ता दिसत होता. बाबांचे हात जिथे असत तिथे आपले हात आहेत, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. मग कपाळ भरून आलं. मग पाठ. मे महिना, चारी बाजूंनी काच आणि पायाशी हीटर. पाच मिनिटांत सदरा अंगाला चिकटला, सातव्या मिनिटाला चष्म्यावर वाफ धरली आणि आठव्याला नरूभाऊंना पंचेचाळीस वर्षांचं कोडं सुटलं.

बाबांनी पाळी चुकवली नव्हती. तिघांना समुद्रापर्यंत नेऊन आणताना ते उकडून निघाले होते आणि धाकट्याला तसं उकडायला त्यांचं मन धजलं नव्हतं. बस्स, एवढंच.

"मग सांगायचं नाही का, बाबा!" नरूभाऊ मोठ्याने म्हणाले.

त्याच क्षणी फोन वाजला.

"हॅलो? कोण, नरूकाका? मी आलोशियस! मम्मी कुठंय? तिचा मोबाईल बंद लागतोय, म्हणून म्हटलं जुन्या नंबरवर बघू."

नरूभाऊंनी इंजिन बंद केलं. "कुठला मोबाईल?"

"तिचा. नाताळला मीच आणून दिला ना. दर रविवारी अकराला त्यावरच बोलतो. तिने सांगितलं नाही?"

"नाही रे."

"विसरली असेल. पण काका, थँक्यू हां. तुमच्या ट्रॅक्टरपायी अंगणात परत माणसं येतात म्हणाली. पप्पा गेल्यापासून मी तिला एवढं हसताना ऐकलंच नव्हतं. बरं, मी मोबाईलच परत लावून बघतो."

फोन ठेवून नरूभाऊंनी पक्कड बाहेर काढली. ठरल्याप्रमाणे आलोशियसचा फोन आला होता. वायर कापायला आता कुणाची ना नव्हती. त्यांनी पक्कड परत खिशात घातली, घाम पुसला आणि ते घरी निघाले.

शेडमध्ये चटईवर लीलाताई आणि क्लेमेंटीनबाय समोरासमोर बसून सुकेळ्यांच्या जुड्या बांधत होत्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुकेळी पसरली होती. ट्रॅक्टर सोडा, सायकल ठेवायला जागा नव्हती.

दोघींनी एकदम विचारलं, "आला का फोन?"

"नाही," नरूभाऊ म्हणाले.

"येईल हो," लीलाताई म्हणाल्या. "धीर धरा."

आणि कोपऱ्यातल्या टोपलीत, केळीच्या सोपटांखाली, काहीतरी किणकिण वाजायला लागलं. लीलाताईंनी छताकडे पाहिलं. क्लेमेंटीनबायने जुडीची एक गाठ सोडली आणि तीच पुन्हा बांधली. टोपली वाजतच राहिली.

"घ्या बाय," नरूभाऊ म्हणाले. "जहाजावरनं असेल."

क्लेमेंटीनबायचा चेहरा पेरू चोरताना पकडलेल्या पोरासारखा झाला. टोपलीत हात घालता घालता तिने हळूच विचारलं, "मग नरू... ट्रॅक्टर कधी नेतोस?"

नरूभाऊंनी लीलाताईंकडे पाहिलं, सुकेळ्यांकडे पाहिलं आणि सदऱ्याची दोन बटणं सोडून ते दारातच टेकले.

"बघू पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "आज फार उकडतंय."