टिपणीसअण्णांची सीलबंद बरणी

टिपणीसअण्णांच्या खोलीत शिरणाऱ्याला आधी ताकीद मिळे, "दार आपटू नका, आत वस्ती आहे." वस्ती म्हणजे खिडकीतल्या काचेच्या बरणीतला एक गप्पी मासा आणि दोन गोगलगायी. पवई तलावातलं पाणी, चिखल आणि शेवाळ भरून अण्णांनी झाकण मेणानं पक्कं केलं, त्याला आठ महिने झाले होते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामान सांभाळण्यात अण्णांची सगळी नोकरी सरली. बायको वारल्यापासून मुलुंडच्या आमच्या चाळीत, आमच्या शेजारच्या खोलीत, ते एकटे राहत. शेवाळ हवा सोडतं, मासा ती घेतो, त्याच्या घाणीवर पुन्हा शेवाळ वाढतं, हे त्यांनी इतक्या वेळा समजावलं होतं की मी ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं. सकाळी ऊन आलं की बरणी चार बोटं फिरवायची, दुपारी तिच्यावर जुन्या धोतराचा पडदा. नळावर बायका भांडल्या की गॅलरीतून अण्णा सुनावायचे, "माझ्या बरणीत बघा. आत सगळं आहे, बाहेरचं काही लागत नाही." मी लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तेव्हाही हेच. मला त्या माशाचा मनापासून राग यायचा.

खरा रोख मुलावर होता. तो नागपुरात नोकरीला. 'इकडे राहायला या' असं त्यानं एकदा लिहिलं. अण्णांनी उलट टपाली कळवलं, की एकटा जीव कसा जगतो ते बरणीत दिसतंच आहे. ती बिघडली तर येईन. पत्र टाकण्यापूर्वी त्यांनी ते सगळ्या मजल्याला वाचून दाखवलं.

मग भावाच्या वर्षश्राद्धाला त्यांना चार दिवस पेणला जावं लागलं. नळ सकाळी तासभरच, म्हणून पिंप भरायला किल्ली माझ्या आईकडे दिली. दुसऱ्या दिवशी एकादशी. आईला माशाकडे बघवेना. आठ महिन्यांचा उपास त्या जिवाला कोणी घडवला, म्हणत तिनं उलथन्यानं मेण खरवडलं, कणकेच्या वीसेक गोळ्या आत सोडल्या आणि पुण्य पदरात पाडून झाकण लावलं.

अण्णा परतले तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं आणि मासा उताणा तरंगत होता. वास गॅलरीपर्यंत आला होता. आई रडायला लागली. आता चाळ डोक्यावर घेतात, म्हणून आम्ही सगळे दाराशी जमलो. अण्णांनी बरणी मोरीत रिकामी केली, हात धुतले आणि माझ्याकडे एक पोस्टकार्ड मागितलं. दोनच वाक्यं लिहिली. बरणी गेली. येतो.

उत्तराची वाट न बघता त्यांनी ट्रंक भरली, वळकटी बांधली. सुनेसाठी आईकडून मेतकूट करून घेतलं, नातवाचं माप माहीत नसताना टोपडं आणलं. इतका उतावळा म्हातारा मी पाहिला नव्हता. आठ महिने ते कशाची वाट बघत होते, ते मला तेव्हा कळलं आणि माझीच लाज वाटली. आईचे डोळे कोरडे झाले. एक मासा गेला, पण बाप मुलाकडे चालला, असं ती सगळ्यांना सांगत सुटली.

दहाव्या दिवशी कार्ड आलं. चष्मा ट्रंकेत, म्हणून वाचायला मला दिलं. जागा लहान आहे, हिचे आईवडील कायमचे राहायला आले आहेत, तुम्हाला तिकडची सवय आहे, तब्येतीस जपावे.

"पुन्हा वाच," अण्णा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. तेवढंच होतं. अण्णा खाली बसून वळकटीची गाठ सोडायला लागले. सुटेना, तेव्हा मी हात लावला.

"तुझ्या आईला हे सांगू नकोस," ते खालमानेनं म्हणाले. "म्हातारा ऐनवेळी हट्टाला पेटला, जात नाही म्हणाला, असं सांग. त्या माशाचं तिला आधीच फार लागलंय रे."

मी तसंच सांगितलं. आई पुढे कित्येक दिवस त्यांना पोटच्या पोराची माया नसलेला माणूस म्हणत होती, आणि अण्णा भिंतीपलीकडून ते ऐकत होते.